तीनशे बारा संदर्भ आणि एक मलम

तीर्थरूप ताईस, धाकट्याचा भेगाळलेल्या हातांनी नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला थांबला का? माझी प्रकृती ठणठणीत आहे, डोकं तेवढं ठिकाणावर नाही, आणि त्याला कारण तू आहेस. (लगेच फुगून बसू नकोस, आधी पूर्ण वाच.)

परवा फोनवर तू म्हणालीस की माझ्या एका शोधनिबंधाचा संदर्भ तीनशे बारा शास्त्रज्ञांनी दिला, हे तू तुझ्या शिवणवालीपासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना सांगून आलीस. ताई, तुझ्या पाया पडतो, आता थांब. ते तीनशे बारा लोक काय म्हणतात ते तुला ठाऊक नाही. नळाच्या पाण्यात हिवाळ्यात जस्त वाढतं, असा मी अकरा वर्षांपूर्वी शोध लावला होता, आठवतं? त्या कामासाठी प्रत्येक बाटली मी सात-सात वेळा आम्लाने धुतली. हातमोज्यांतूनही जस्त उतरतं म्हणून हातमोजे घातले नाहीत. (मी किती काटेकोर, बघ.) थंडीत हातांची सालटी निघाली. तू मायेने मलमाची ट्यूब पाठवलीस, मी ती चोपडून कामाला लागलो. जितकी थंडी जास्त तितक्या भेगा, जितक्या भेगा तितकं मलम, आणि जितकं मलम तितकं माझ्या पाण्यात जस्त! तुलनेसाठी कोऱ्या, म्हणजे शुद्ध केलेल्या पाण्याची तपासणीही केली होती, पण ती आमच्या लॅब असिस्टंट बाईंनी, आणि त्यांच्या हातांना बापजन्मात भेग पडलेली नाही. जगातल्या कुठल्याही बाटलीत काय आहे ते मी सांगू शकतो, पण ट्यूबच्या पाठीवर काय छापलंय ते मी वाचलं नाही.

पुढे दुसऱ्या विद्यापीठातल्या एका बाईंनी तेच नळ तपासले. जस्ताचा पत्ता नाही. त्यांनी सभ्यपणे विचारलं, आपण हाताला काही लावता का? मी अभिमानाने कळवलं, थोरल्या बहिणीने पाठवलेलं मलम. ते उत्तर त्यांनी जसंच्या तसं छापलं. तेव्हापासून नवशिक्यांना काय करू नये हे सांगायचं झालं की लोक माझा निबंध पुढे करतात. माझ्या उरलेल्या सतरा निबंधांना मिळून एकोणतीस संदर्भ आहेत, त्यांतले अकरा माझेच.

आता बढतीची मुलाखत झाली. आमचे विभागप्रमुख (आम्ही त्यांना आकडेमास्तर म्हणतो) तीनशे बाराचा आकडा पाहून हुरळून गेले. वाचलं कुणी काहीच नव्हतं. मी धीर करून म्हणालो, साहेब, हे संदर्भ चांगल्या अर्थाने नाहीत. मुलाखत समितीच्या अध्यक्षांनी मान डोलावली आणि म्हणाले, "काय नम्र माणूस आहे!" मी पुन्हा सांगू लागलो, तर आकडेमास्तरांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. बाहेर आल्यावर म्हणतात, "अहो, शिव्या काय आणि ओव्या काय, मोजताना एकच!"

मला लाज वाटते, ताई. वीस वर्षं मान मोडून काम केलं. एकदा तरी कुणीतरी माझं नाव घालून पुढे 'हे बरोबर आहे' असं लिहावं, एवढीच इच्छा आहे. बाकी सर्व क्षेम. भावजींना नमस्कार, भाचीला म्हणावं, रसायनशास्त्र सोडून काहीही घे.

तुझा,
धाकटा

ता. क. : तेव्हा तू स्वतःसाठी घेतलेली त्याच मलमाची जुनी ट्यूब तुझ्याकडे असेलच. (तू आजवर काही टाकून दिलंयस का?) मीच माझी चूक मोजून नवा निबंध लिहितोय. बोटांवरून पाण्यात किती जस्त गेलं, ते मला काढायचंय. कंपनीने आता मलम बदललंय, म्हणून तीच ट्यूब हवी. पुसू नकोस, धुऊ तर मुळीच नकोस. निबंधात तुझे जाहीर आभार मानीन, जस्ताच्या पुरवठ्याबद्दल.

आणखी एक : बढतीचं पत्र आत्ताच हातात पडलं. नवा निबंध छापून येईपर्यंत त्यावर सही करणार नाही, असं आकडेमास्तरांना सांगून आलो. ते खुर्चीत बसले ते अजून उठलेले नाहीत. आईला इतक्यात सांगू नकोस.

शेवटचं : एक नवी ट्यूबही पाठव. हात फार दुखतात गं. या वेळी घरीच लावीन.