पंपाची पहिली पाच मिनिटं

११ एप्रिल, सकाळी
कोहक्याच्या आपल्या कॉलनीतील बंधू-भगिनींनो! तीन आठवडे आपला स्विमिंग पूल हिरवागार पडला आहे आणि आपण मुकाट्याने बघतो आहोत!
(उद्याच्या भाषणाची सुरुवात. आरशासमोर दोनदा म्हटली. अंगावर काटा आला. माझ्याच.)
पाणी गाळायचा नवा पंप बसला. वेग हवा तसा कमी-जास्त करता येतो. सचिव या नात्याने निवड माझी. बायकोच्या, कमलाच्या, गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी रोज अर्धा तास पाण्यात चालायला सांगितलंय. पुलात पहिलं पाऊल तिचं, असा तिला शब्द दिला. म्हणाली, "पाऊल राहू द्या, आधी पानी तर साफ होऊ द्या."

१२ एप्रिल
उद्घाटन. बटण दाबून भाषण सुरू केलं. पंपाने जी किंकाळी फोडली! वीज वाचवायला आणलेलं यंत्र पहिल्याच मिनिटाला फुल स्पीडवर! "बंधू-भगिनींनो" कोणाला ऐकू गेलं नाही. बंद केला. वीस मिनिटं बोललो. पुन्हा लावला, पुन्हा किंकाळी, पुन्हा बंद. पाणी जागचं हललं नाही. टाळ्या मात्र झाल्या. अध्यक्ष धनंजय म्हणतो, भाषण संपल्याच्या होत्या. क्षुद्र माणूस.

१३ एप्रिल
सुपेल्याहून कवडू मिस्त्री आला. म्हणे, "भाऊ, पंप पानी नाही, हवा ओढून राहिला. आधी जाळीच्या डब्यात काठोकाठ पानी भरा, झाकन कसा. मंग पाच मिनिटं फुल स्पीड. पाइपातली हवा निघाली, पानी लागलं, का तो आपोआप हळू होते. मधात बंद केला का पानी मांगं जाते. मंग पुन्हा पहिल्यापासून." याला प्रायमिंग म्हणतात म्हणे.
मी म्हटलं, मी चार देशांच्या क्रांत्या वाचल्यात, हवेवर लेक्चर नको. "बरं भाऊ. फक्त हात नका लावू." अडाण्याचा आत्मविश्वास बघा.

१५ एप्रिल
पंपाचं माहितीपुस्तक उघडलं. भाषा इतकी भिकार की दुसऱ्या पानावर मिटलं. सेटिंगमध्ये प्रायमिंगची पाच मिनिटं कापून एक केली. आता मांजरासारखा गुरगुरतो. डब्याच्या झाकणाच्या काचेतून नुसते बुडबुडे दिसतात. पाणी: नाही. शिस्त लागायला वेळ लागतोच.

१९ एप्रिल
पुलात बेडूक. धनंजय विचारतो, दिवाकरजी, यांना सभासद करून घ्यायचं का? दुर्लक्ष केलं.
कमला जिन्यात दोनदा बसली. मी पेपरमागून पाहिलं. पाहिलं नाही असं दाखवलं.
संकल्प: उद्या पंपासमोरच निर्णायक सभा. प्रायमिंग पुन्हा पाच मिनिटं केलं. (कवडूचं ऐकून नव्हे. प्रयोग म्हणून.)

२० एप्रिल
आठ श्रोते. पंप ओरडला, मी त्याच्यावर ओरडलो. कमला म्हणते, चौथ्या मिनिटाला काचेत पाणी चढत होतं. असेल. त्याच क्षणी मी मुख्य मुद्द्यावर आलो होतो. बंद केला. मुद्दा कोणता, ते आता आठवत नाही.

२२ एप्रिल
पाच दिवस दुर्गला व्याख्यानमाला. जातो. बघू, माझ्याविना यांचं काय होतं.

२७ एप्रिल, संध्याकाळी
परतलो. पुलाचा तळ दिसतो. कमला कमरेएवढ्या पाण्यात, कठड्याला न धरता चालत होती. कसं जमलं विचारलं.
"काही नाही केलं. कवडूभाऊनं सांगितलं तसा डबा भरला, झाकन कसलं, अन पाच मिनिटं चूप उभी राहिली. तुम्ही नव्हते नं."
पहिलं पाऊल तिचंच पडलं. म्हणजे शब्द मी पाळला. फक्त हजर नव्हतो.

२८ एप्रिल
कमिटीने पंपाच्या खोलीवर सूचना लावायचं एकमताने ठरवलं. कॉलनीत अक्षर माझंच सुंदर, म्हणून लिहायचा मान मला. माझा मसुदा दोन पानांचा होता. त्यांनी स्वतःची एकच ओळ दिली. लाल रंगात रंगवली, वेलांट्या झकास आल्या:
"पंप सुरू झाल्यावर पहिली पाच मिनिटं दिवाकरजींनी बटणाला हात लावू नये."