ताईच्या चार वह्या आणि दोनशे चौदा फॉन्ट

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (आज नेहमीपेक्षा बराच खाली वाकून केला आहे.) तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? सकाळची गोळी राहिली असेल तर आधी घे आणि मगच पुढचं वाच. भाऊजींची कंबर काय म्हणते? इकडे सगळे ठीक, म्हणजे ही ठीक आहे आणि माझ्याशी बोलत नाही.

तुझ्या वॉर्डातल्या आठवणी मी टाइप करून संपवल्या. चार वह्या, एकशे बारा पानं, दोन बोटांनी, पाच महिन्यांत. शनिवारी तुझ्या निरोप समारंभात प्रत्येकाच्या हाती पुस्तक देईन, असं मीच छाती ठोकून सांगितलं होतं. आता त्याच छातीत धडधडतं आहे. झालं असं, की छापखानेवाल्याने नमुन्याचं एक पान पाहून नाक मुरडलं. "काका, हे पुस्तक वाटतच नाही हो, जरा बरा फॉन्ट घ्या," म्हणाला, आणि पेनड्राइव्हवर दोनशे चौदा फॉन्ट देऊन मोकळा झाला. मला एक पुरला असता. पण एक निवडण्याइतकी अक्कल असती तर हे पत्र कशाला लिहिलं असतं? मी सगळे बसवले. कॉम्प्युटरने मान टाकली. एक कळ दाबावी, हातपाय धुऊन यावं, तेव्हा कुठे अक्षर उमटायचं. मग जागा करायला म्हणून मी जुना फॉन्ट काढून टाकला. (नवं कपाट आलं की जुनं आपण काढतोच ना?) आणि फाइल उघडली.

ताई, तुझा वॉर्ड नाहीसा झाला. कॉट नंबर नऊवरचे मास्तर, ज्यांना तू पुन्हा चालायला शिकवलंस, ते आता दोन कंस आणि एक टक्क्याचं चिन्ह आहेत. मेट्रनबाईंच्या जागी नुसते चौकोन. मी दोनशे चौदाच्या दोनशे चौदा फॉन्ट लावून पाहिले. प्रत्येकात निराळा गोंधळ. शेजारचे इंजिनिअर येऊन सांगून गेले, की ती अक्षरं मुळात मराठी नव्हतीच. आत इंग्रजी अक्षरं आणि वर त्या एका फॉन्टचा मराठी मुखवटा. तो मुखवटा मीच फेकला. "तोच फॉन्ट आणा, नाहीतर वह्यांवरून पुन्हा टाइप करा," असं म्हणून ते हसत हसत जेवायला गेले. मला दोन दिवस घास गिळवत नाही.

तुझा धाकटा

ता. क. : तुमच्या हॉस्पिटलच्या रजेच्या फॉर्मवरची अक्षरं त्याच फॉन्टची दिसतात. हेडक्लार्ककडून तेवढा मागून आण. कशाला हवा विचारलं तर माझं नाव घेऊ नकोस.

ता. क. २ : वह्या आहेतच की, असं म्हणशील. नाहीत. टाइप झाल्या त्याच दिवशी मी त्या रद्दीत घातल्या. (ही बोलत नाही ती म्हणूनच.) रद्दीवाल्याकडे जाऊन आलो. गठ्ठे केव्हाच पुढे गेले होते. तिथल्या पायरीवर बसून रडलो, ताई, खोटं कशाला सांगू.

ता. क. ३ : फॉन्ट नाहीच मिळाला तर तुला सगळं पुन्हा लिहावं लागेल. माझ्यावरचं पान तेवढं लिहू नकोस. टाइप करताना मी ते गाळलं होतं, पण मला ते तोंडपाठ आहे : "धाकट्याने हाती घेतलेलं एकही काम आजवर धड झालं नाही. तरी या वह्या मी त्यालाच देणार. दुसरं कोणी त्या इतक्या मन लावून वाचणार नाही."