सात देवांचे ठाणेदार

बोरफाटा,
दि. १२ जानेवारी २०२४

ती. गंगाआत्या हिस,
कार्तिकचा जय सेवा आणि पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोन केला नाही, कारण तू फोन कानाला न लावता स्पीकरवर ठेवतेस आणि तुझ्या अंगणात शेजारचे तानबाजी बसलेले असतात. मागे मी तुला पोटाची तक्रार सांगितली, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या सरिताने ओवा पाठवला. त्यामुळे हे पत्र एकटीने वाच.

आत्या, मोठी अडचण झाली आहे. मी इथल्या पोलीस ठाण्याचा बोर्ड रंगवत होतो. ठाणेदार खुशाल ढुमणे साहेब शिडीखाली येऊन उभे राहिले. दिवाळीनंतर बदलून आलेले, नवीनच आहेत. त्यांनी अक्षराचं कौतुक केलं आणि आडनाव विचारलं. मडावी म्हटल्यावर तर फारच खूश झाले. गोंड समाजाशी कसं वागावं, याचं पोलिसांना प्रशिक्षण द्या, असा वरून हुकूम आहे म्हणे. शिकवायला नागपूरहून एक प्राध्यापक येणार होते, ते आले नाहीत. तेव्हा तूच शिकव, असं साहेब म्हणाले. मी दहावी पुरी केलेली नाही, असं सांगून पाहिलं. ते म्हणाले की बोर्डावर ते कुठे दिसतं? नाही म्हणायचं तर आधी शिडीवरून खाली उतरावं लागतं, आणि खाली तेच उभे होते. मी हो म्हणालो.

आता तानबाजींना काय सांगू? गेल्या होळीला पोलीस मोहाची दारू शोधत बुटांसकट त्यांच्या देवघरापर्यंत गेले होते. ठाण्याची पायरी चढणाऱ्या पोराला मुलगी देणार नाही, असं तानबाजी तेव्हापासून सांगत आले आहेत. माझं आणि सरिताचं आता कुठे जुळत आलं होतं. मी तर शिडी लावून ठाण्याच्या डोक्यावर चढलो. शिडी पायरीत धरतात का, ते हळूच विचारून पाहा.

प्रशिक्षणाचं बॅनरही मलाच रंगवायचं आहे. त्यावर मार्गदर्शक म्हणून माझंच नाव आहे. ते मी बारीक अक्षरात घालणार आहे.

एवढ्या कारणावरून माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा भाचा,
कार्तिक

—

सालईटोला, हिंगणीच्या पुढे,
दि. १८ जानेवारी

चि. कार्तिकले गंगाआत्याचा जय सेवा अन् तोंडभर आशीर्वाद.

तुह्यं पत्र एकटीनंच वाचाले घेतलं. पण हसू काही आवरलं नाई. मंग सगळे विचाराले लागले का काय झालं, मंग मोठ्यानं वाचाच लागलं. तू स्पीकर नको म्हटलं होतं, तं फोनले हातबी नाई लावला.

तानबाजीनं पुरं ऐकलं. म्हणे, शिडी तं पायरीपेक्षा वाईट. मंग लय वेळ बिडी ओढत बसले अन् म्हणाले का, पोट्टा खरंच पोलिसाले शिकवून राह्यला असन तं ते शिकवणं दिसू दे. घेऊन ये म्हणा त्या ठाणेदाराले माह्या अंगणात. बूट बाहेर काढून, हात जोडून आला तं पोरगी दिली. बूट घालून आला तं पोट्ट्यानं ठाण्यासंगच लगन लावावं.

सरिता बाजूलेच तांदूळ निवडत होती. तिच्या हातचं सूप कलंडलं.

आता तू काऊन भेतं? भेत भेत शिकव, पण शिकव. अन् बॅनरवर नाव बारीक नको लिहिजो. आपल्या घरातलं कोणाचंच नाव आजलोक मोठ्या अक्षरात निंघालं नाई.

आत्याचे दात पडले, माया नाई पडली. ध्यानात ठेवजो.

तुही आत्या,
गंगा कोडापे

—

बोरफाटा,
दि. ३० जानेवारी

ती. गंगाआत्या हिस,
कार्तिकचा नमस्कार आणि थोडी तक्रार. पत्र मोठ्याने वाचणं हे स्पीकरहून वेगळं कसं, ते मला समजलं नाही. असो.

प्रशिक्षण पार पडलं. हॉलमध्ये मी खडूने अंगण आखलं, दोन खुर्च्यांचं देवघर केलं. हवालदार नीलेश राऊत गावचे म्हातारे झाले. ते भूमिकेत इतके शिरले की घोंगडं पांघरून प्रत्येकाला तंबाखू मागू लागले. पहिल्या शिपायाने बूट काढले, हात जोडले, जय सेवा म्हटलं आणि त्याच दमात म्हाताऱ्याचं आधार कार्ड मागितलं. दुसऱ्याने देवघराला सॅल्यूट ठोकला. सगळ्यांचे बूट एकदम निघाले, तेव्हा साहेबांनी खिडक्या उघडायला लावल्या.

मग मी देवांचं सांगितलं. आपल्यात नवा माणूस भेटला की तू किती देवांचा, असं विचारतात. कोणी चार, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. ज्यांचे देव सारखे ते भाऊ, वेगळे ते सोयरे, आणि मुलगी सोयऱ्यांतच देतात. आपण मडावी सात देवांचे, तुमच्या टोल्यावरचे कोडापे, म्हणजे तानबाजीही, सहांचे, हेही सांगितलं. साहेब मन लावून ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं की मग मी किती देवांचा? तुम्ही यात येत नाही, असं म्हणालो तर त्यांचं तोंड उतरलं. हुकुमात आपलेपणा साधावा असं लिहिलंय आणि तू मला दाराबाहेर ठेवतोस, असं म्हणाले. मी घाबरलो आणि म्हणालो की माझ्यासारखे सात समजा. तेव्हापासून ते येता-जाता सात देव, सात देव असं घोकत आहेत.

शिकलेलं खऱ्या अंगणात करून पाहू, असं साहेबच म्हणाले, म्हणून रविवारी, चार तारखेला, आम्ही सगळे टोल्यावर येतो आहोत. बूट काढण्याचा सराव रोज चालू आहे. पण सात म्हणालो ते चुकलं तर नाही ना? मला झोप लागत नाही.

लोभ आहे तेवढा रविवारपर्यंत तरी टिकव.

तुझा,
कार्तिक

—

सालईटोला,
दि. ६ फेब्रुवारी

चि. कार्तिकले आशीर्वाद, अन् कान पिळाले हात लांब करून राह्यली.

अरे पोट्ट्या, तू पळाला काऊन? बूट दिसत नाई म्हणून तोंड पांढरं केलं अन् सगळ्यांसाठी चपला आनतो म्हणून सायकल घेऊन हिंगणीले गेला, तो गेलाच. आता पयल्यापासून काय झालं ते ऐक.

साहेबानं बूट बाहेर काढले, हात जोडले, इथलोक तुह्यं शिकवणं चोख. पण पुढं छाती काढून सांगितलं का मी सात देवांचा. झालं! तू सात देवांचा, तुह्यासंग मोठा मानूस सात देवांचा, मांगं रांगेनं पोलीस. बायांले वाटलं का पोट्ट्याकडचे मागणी घालाले आले अन् हा व्याही आहे. व्याह्याची थट्टा नाई केली तं तो रुसते. मंग त्यायच्यातल्या मंदाबाईनं सगळ्यांचे बूट उचलून कोंबड्यांच्या खुराड्यात लपवले.

एक शिपाई पंचनामा करतो म्हणे. बाया त्यालेच थट्टेच्या गाण्यात घेऊन हसल्या. साहेब लाल झाले, मले विचारलं का हे काय चाललं आहे. मी समजावून सांगितलं का साहेब, तुमी सात म्हटलं, आमी सहा, तं तुमी व्याही झाले.  मंग साहेबानं हळूच विचारलं का व्याह्यानं काय कराचं असते. मी म्हटलं, जेवाचं, सहन कराचं अन् राग नाई धराचा.

जेवले. दोनदा भाजी मागून घेतली. मंग तानबाजी उठले अन् म्हणाले का बूट भेटतीन, पण गेल्या होळीले जे बूट देवापाशी गेलते, त्यायचं काय?  साहेब अनवाणीच देवघराच्या उंबऱ्यापाशी गेले, आत नाई गेले. हात जोडून म्हणाले का तवा मी नोहतो, पण पाय आमच्याच खात्याचे होते, माफी असावी. तानबाजीनं डोये पुसले. मंग म्हणे धूर लागला. चूल तं कवाचीच इझली होती.

बूट परत देल्ले. साहेबाचा एक मात्र सरिताजवळ आहे. लग्नाले या अन् घेऊन जा, असं तिनं सोताच सांगितलं. आता तुले आणखी कसं कळवाचं?

पळणाऱ्या भाच्यावरबी आत्याची नजर असते.

गंगाआत्या

—

बोरफाटा,
दि. २७ फेब्रुवारी

ती. गंगाआत्या हिस,
तुझ्या भाच्याचा खाली मान घालून नमस्कार. वि. वि.

परत आलो नाही, कारण घाईत मी सगळ्या चपला एकाच मापाच्या घेतल्या होत्या, माझ्या मापाच्या. त्या दुकानदाराने परत घेतल्या नाहीत. साहेब एका पायात बूट आणि एका पायात तुझी चप्पल घालून ठाण्यात आले, तेव्हा मला वाटलं की आता जातो मी आत. त्यांनी फक्त विचारलं की व्याह्याच्या पोराने पळून जायचीही रीत आहे का?

आता ठाण्यात रोज नवीनच चाललं आहे. बाजाराला आलेले सहा देवांचे लोक काही काम नसताना आत डोकावतात, व्याही जेवला का विचारतात आणि हसत निघून जातात. साहेबांनी दारात पाण्याचा माठ ठेवला आहे.

आणि काल तानबाजी आले! लग्नाची तारीख व्याह्याला विचारून धरायची असते म्हणाले. पायरीपाशी बराच वेळ उभे होते. मी समोरच्या टपरीमागून पाहत होतो, पुढे जायची हिंमत झाली नाही. शेवटी त्यांनी चपला खाली काढल्या, व्याह्याच्या घरी काढतात तशा, आणि पायरी चढले. अक्षय तृतीयेच्या आधीचा दिवस धरला.

बाहेर आले तर चपला नाहीत.  तानबाजी खाली पाहत राहिले. मग त्यांनी दारातल्या नीलेश हवालदारांकडे पाहिलं. हवालदार आभाळाकडे बघत तंबाखू मळत होते. तानबाजी एकदम मोठ्याने हसले, इतके की टपरीवाल्याने किटली खाली ठेवली. मग ते अनवाणीच परत आत गेले आणि चपला मिळेपर्यंत चहा आणा, असं सांगून साहेबांच्या समोरच्या खुर्चीवर बसले.

संध्याकाळपर्यंत बसले होते. चपला मागितल्या नाहीत.

सरिताला सांग की तो बूट जपून ठेव. आणि तुझी माया अशीच मोठ्याने वाचत राहा, आता माझी हरकत नाही.

तुझा,
कार्तिक