गोळी निघाल्यानंतर

आबा, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली. आज नांदेडच्या सरकारी दवाखान्यात पेशंट संपल्यावर बसल्या बसल्या तुमच्याशी बोलावंसं वाटलं, म्हणून कागद पुढ्यात घेतला.

उदगीरच्या त्या वरातीत कुणीतरी हौसेनं बंदूक उडवली आणि गोळी माझ्या खांद्यात शिरली, तेव्हा मी नववीत होते. लातूरच्या सरकारी दवाखान्यात ती फुकट काढली, टाके सुकले, डॉक्टर म्हणाले पोरगी बरी झाली. मी बरी नव्हते. कुकरची शिट्टी झाली की मोरीत जाऊन बसायचे. शाळा सुटली. थोरले काका म्हणाले, "पोरीला बाहेरचं लागलंय, बाबाकडं न्या." तुम्ही जेवता जेवता ताट सारलंत. "तिला गोळी लागलीय, दादा. बाहेरचं काय न्हाई लागलं." मनाचा डॉक्टर लातूरला, तोही खासगी. तीन-चार खेपा झाल्या आणि थांबल्या. कशामुळं, ते घरात सगळ्यांना कळत होतं. सरकारकडून काही मिळतं का विचारायला तुम्ही तहसीलला गेलात. साहेब म्हणाले, जखमेसाठी आहे, भीतीसाठी तरतूद नाही. मग तुम्ही मला रोज सोबत एसटीच्या वर्कशॉपमध्ये न्यायला लागलात. तुम्ही बसखाली आडवे, मी जुन्या टायरवर बसलेली, आणि हातोडा उचलायच्या आधी दर वेळी खालून तुमचा आवाज येतो, "माय, आता ठोकतो हां." बाकीचे मेकॅनिक आधी हसायचे. हळूहळू तेही सांगून ठोकायला लागले. दिवाळीनंतर मी शाळेत गेले.

आता मी समुपदेशक आहे. गोळीबारातून वाचलेल्या पोरांच्या मनाच्या उपचाराला सरकारनं निधी दिलाय, एकेका वर्षाचा. त्यातूनच माझा पगार, त्यांची औषधं, येण्याजाण्याचं भाडं. मुखेडहून एक मुलगी येते, सोळा वर्षांची. इथं मामाकडे आली असताना खंडणीवाल्यांनी एका दुकानावर गोळ्या झाडल्या, त्यातली एक हिच्या मांडीत. पहिले कितीतरी दिवस ती बोललीच नाही, नुसती आईचा हात धरून बसायची. आज आल्या आल्या म्हणाली, "मॅडम, काल मी एकटी दुकानाला जाऊन आले. दूध आणलं."

"भ्याली नाहीस?"

"लई भ्याले. पण आणलं."

तिची आई तोंडाला पदर लावून हसली की रडली, मला कळलं नाही. निघताना आई दारात थांबली. "पुढल्या वर्षी बी हाय न्हवं हे?"

"हाय," मी म्हणाले. तिचा चेहरा मोकळा झाला, पोरीला घेऊन ती स्टँडकडे गेली.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. आबा, पुढल्या वर्षाच्या निधीची मंजुरी अजून आलेली नाही.