गोळ्यांची रिकामी स्ट्रिप

प्रिय विसरभोळ्या,

तुला एक आजी आहे, हे आठवतंय ना? गुडघा बदललेली, सध्या सात नंबरच्या खाटेवर. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. मला अक्षर येत नाही; मी बोलते, सिस्टर लिहितात. त्यांचं अक्षर चांगलं आहे, तेव्हा वाचता आलं नाही ही सबब नको.

नव्या गुडघ्यात जंतू शिरले. डॉक्टरांनी तो उघडून धुतला आणि आता सहा आठवडे शिरेतून औषध. दंडात बारीक नळी ठेवलीय, दिवसातून तीनदा बाटली टांगतात. आजचा अकरावा दिवस. तोंड कडू, घास खाली उतरत नाही. आणि एवढं करून औषध चाललंय अंदाजानेच. गुडघ्यातलं पाणी तपासलं, तर जंतू सापडेना. आधीच गोळ्या पोटात गेल्या की असं होतं म्हणे. जंतू मरत नाही, दडून बसतो. अगदी तुझ्यासारखा.

गुडघा लाल झाला तेव्हा मी दवाखान्यात जाऊ म्हणत होते. तू औषधाच्या दुकानात चार महिने काय उभा राहिलास, अर्धा डॉक्टर झालास. मी देतो त्या गोळ्यांनी उतरेल, म्हणालास. लाली उतरली, आपण दोघं खूश. आठवड्यात पाय खांबासारखा सुजला. बापाला दिसू नये म्हणून रिकामी स्ट्रिपही तू खिशात घालून नेलीस. परवा तुझ्या बापाने डॉक्टरांना सांगितलं, आई अडाणी आहे, खाल्ल्या असतील कुठल्यातरी. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. या वयात, तुझ्यापायी. तो राग अजून गेलेला नाही.

आता मुद्द्याचं. डॉक्टर रोज विचारतात, गोळी कोणती, किती दिवस घेतली. ते कळलं तर त्यांना औषध नीट निवडता येईल. हे लागू पडलं नाही, तर सांधाच काढावा लागेल. मला गोळीचा रंग तेवढा ठाऊक, पिवळा. आजवर तुला झाकलं. आत्ता खरं सांगितलं तेव्हा सिस्टरांचं पेन थांबलं. ड्युटी संपली की त्या हे पत्र तुझ्या दुकानात देतील. उद्या सकाळी डॉक्टर फेरीला येतील, तेव्हा स्ट्रिप घेऊन खाटेपाशी उभा राहा आणि स्वतःच्या तोंडाने सांग. बापासमोर.

आणि येताना दोन अंडी उकडून आण. मीठ वेगळ्या पुडीत. गेल्या वेळी विसरला होतास.

तुझीच,
अजून न निवळलेली आजी