न तपासलेला दीड

प्रिय गड्या,

मेहुणा म्हणून नाही, एका बाकावरचा सोबती म्हणून लिहितोय. आपले गुरुजी बहुपदीची मुळं शोधायला कशी शिकवायचे, आठवतं? आधी सगळे संशयित उभे करा, म्हणायचे. शेवटच्या आकड्याचे विभाजक वर, पहिल्या सहगुणकाचे खाली, प्रत्येकाला अधिक-उणे दोन्ही चिन्हं. मग एकेकाला आत घालून बघा. शून्य आलं तर तो खरा. तपासल्याशिवाय कुणाला धरायचं नाही, सोडायचंही नाही. मला ते प्रार्थनेसारखं वाटायचं, अजून वाटतं.

तुझ्या क्लासात मी ते तसंच शिकवलं. उजळणी मात्र तू घेतलीस. अपूर्णांकांत वेळ घालवू नका, पेपरात मुळं पूर्णांकच येतात, असं पोरांना सांगितलंस. शिक्षकांच्या खोलीत मी हटकलं, तर म्हणालास, मास्तर, तुम्ही मोक्षासाठी शिकवा, मी मार्कांसाठी शिकवतो. सगळे हसले. मीही हसलो.

पेपरात आलं २x³ − x² − x − ३. पोरांनी एक आणि तीन, उणे एक आणि उणे तीन घालून पाहिले. काही जुळेना, तेव्हा परिमेय मूळ नाही असं लिहून मोकळी झाली. दीड घातला असता तर शून्य आलं असतं. पालक चिडून आले, तेव्हा तू माझ्याकडे बोट दाखवलंस, तो धडा यांचा होता म्हणालास. पोरं खाली बघत राहिली. मी तोंड उघडणार, तोच दारात माझी धाकटी बहीण दिसली, पालकांसाठी पाण्याचा ट्रे घेऊन. तिच्यादेखत तुला खोटं पाडवेना. दुसऱ्या दिवसापासून मी घरी बसलो.

देवापुढे बसतो तेव्हा तुझं वाईट मागत नाही. एवढं अजून जमतं.

काल धाकटी आली होती. तुला त्या वर्गाला शिकवायला माणूस मिळत नाही, म्हणून तू तिला धाडलंस, हे कळायला मला वेळ लागला नाही. चहा पिता पिता माझा हात धरून ती म्हणाली, "दादा, चूक कुणाकडूनही होते. ह्यांनी तुला कधीच माफ केलंय."

मी मान हलवली आणि तिला कोपऱ्यापर्यंत सोडून आलो. माझ्या बहिणीला खरं काय ते तू सांग. ते माझ्या तोंडून ऐकायची वेळ तिच्यावर आणू नकोस.

अजूनही तुझाच म्हणवणारा,
मास्तर