आमसूल, गूळ आणि अंगावरचं पित्त

प्रिय अक्का,

तुला जाऊन वर्ष होत आलं. रडायला म्हणून लिहायला बसलो न्हाई. काल जेवताना तुझी चोरी पकडली गेली, म्हणून लिहून राह्यलो!

आपली पूनम जालन्याला औषधशास्त्र शिकते ना, ती सुट्टीला घरी आलीय. तिनं प्रकल्पाला विषय घेतलाय: झाडपाल्यातल्या द्रव्यांनी ॲलर्जीची सूज उतरते का. मी छाती फुगवून म्हणालो, "प्रयोग कशाला? मीच पुरावा! अंगावर पित्त उठलं की अक्का आमसुलाचं पाणी चोळायची. घडीभरात गांधी गायब!"

पूनम म्हणाली, "बाबा, काही द्रव्यं खाज सुटवणाऱ्या पेशींना शांत करतात. पण ते प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत. माणसाचं अजून तेवढं पक्कं नाही. बरं, आत्या आणखी काही द्यायची?"

"गुळाचा खडा. तोंड गोड करायला."

सुमनला ठसकाच लागला. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "अहो, त्या गुळात डॉक्टरांची गोळी चुरलेली असायची! लग्न झाल्याबरोबर अक्कांनी मला शिकवलं. म्हणाल्या, बाळ्या गोळी पाहिली की ओकतो, गूळ पाहिला की आ करतो. मी अजून तसंच देते."

अक्का! पन्नाशी ओलांडली गं माझी!

आणि मी आष्टीच्या बाजारात भेटेल त्याला आमसूल सांगत फिरलो. वाटूरच्या पाहुण्यांना तर पुडी बांधून दिली. त्यांना गूळ कोण देणार? तरीच ते हल्ली फोन उचलत न्हाईत.

"तुमचा पुरावा बाद," पूनम म्हणाली. "सूज गोळीनं उतरली की आमसुलानं, कसं कळणार?" तू असतीस तर म्हणाली असतीस, "कळायचं काय त्यात पोरी? उतरली न्हाई का?"

केवढी भोळी दिसायचीस, आणि बिलकुल पत्ता लागू दिला न्हाईस! एकदा तरी सांगायचंस. रागावलो असतो, बराबर. पण मंग दोघं मिळून हसलो असतो की न्हाई?

संध्याकाळी पुन्हा पित्त उठलं. गोळी मी स्वतः मागून घेतली, नुसत्या पाण्यासोबत. ओकलो न्हाई! वर सुमनला म्हटलं, आमसूलही लाव, थंड वाटतं. ती लावते छान, पण गप्प लावते. तू लावताना खाजेलाच शिव्या द्यायचीस, "मेले, तुला माझ्याच भावाचं अंग सापडलं का?"

म्हणून शब्द देतो: गोळी चुकवणार न्हाई, आणि शिव्या आता मीच देत जाईन. तुझ्याइतक्या मायेनं जमतील का, ते मात्र सांगता येत न्हाई.

तुझा,
बाळ्या